राजधानी, फक्त २२ मिनिटांत

कोल्हापूरवरचा टीव्हीचा कार्यक्रम न बघताही सांगता येतो. सुरुवातीला ड्रोन रंकाळ्यावरून फिरतो. पाण्यात संध्यामठ, काठावर शालिनी पॅलेस, मागे तुतारी. मग निवेदिका अंबाबाईच्या महाद्वारात उभी राहून ‘चला तर मग’ म्हणते आणि थेट मिसळीच्या हॉटेलात निघते. मिसळीनंतर तालीम, तालमीनंतर चप्पल, चपलेनंतर मटण, मटणानंतर डोळ्यांत पाणी, आणि ते पुसता पुसता ‘नाद खुळा!’. जाहिराती वजा जाता २२ मिनिटांत करवीर संस्थानाची राजधानी आटोपते. वाहिन्या बदलल्या, निवेदक बदलले, कॅमेरे लहान आणि पडदे मोठे झाले. हा क्रम मात्र हललेला नाही. फार तर एखादी धाडसी वाहिनी चप्पल आधी घेते आणि मिसळ नंतर. त्याच वेळी शहरातल्या केबलवर दुसरा एक कार्यक्रम चालू असतो. त्यात तुतारी नसते, चित्र हलतं, वाऱ्याने माईक फडफडतो, बातमीदाराचं वाक्य क्रियापदाआधीच संपतं. आणि तरी कोल्हापूर बघायचं असेल तर ते तिथंच दिसतं. हा काही कोल्हापूरकराचा नेहमीचा अभिमान नव्हे, त्यामागे सरळ कारण आहे. ज्या कार्यक्रमाचा प्रेक्षक खिडकीतून डोकावून निवेदकाला खोटं पाडू शकतो, त्या कार्यक्रमाला शहर खरं दाखवावंच लागतं. ज्याचा प्रेक्षक तीनशे-चारशे किलोमीटरवर सोफ्यावर बसलेला असतो, त्याला ही अडचण नसते.

आपल्याकडे लग्न जमवताना जो बघण्याचा कार्यक्रम होतो, त्याच जातीचा हा टीव्हीवरचा बघण्याचा कार्यक्रम आहे. पाहुण्यांनी ठरलेले प्रश्न विचारायचे, मुलीने ठरलेली उत्तरं द्यायची, पोहे चांगले झालेत असं सगळ्यांनी म्हणायचं आणि मुलगी खरोखर कशी आहे हे कुणालाच कळू न देता उठायचं. १९९९ साली अल्फा मराठी आली, पाठोपाठ इतर खासगी वाहिन्या आल्या, आणि तेव्हापासून कोल्हापूर पोह्यांचा ट्रे घेऊन उभं आहे. इथे पोह्यांच्या जागी रस्सा, एवढाच फरक. आणि रश्शाची परीक्षाही एकाच विषयात: तिखट. निवेदकाचा घाम कपाळावरून नाकापर्यंत उतरला की कोल्हापूर पास. या परीक्षेत पांढऱ्या रश्शाची फार पंचाईत होते. मटण शिजवलेलं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू असला सभ्य ऐवज त्यात असतो आणि तो पिऊन कुणाच्याही डोळ्यांत पाणी येत नाही. तांबड्याच्या शेजारी तो इमानाने उभा असतो, पण निवेदकाने वर्णनाचे सगळे शब्द तांबड्यावर खर्च केलेले असतात. मग पांढऱ्याच्या वाट्याला ‘हाही छान आहे’ एवढंच येतं. ज्या ताटात तिखट आणि सौम्य यांचा तोल हाच मुद्दा आहे, त्या ताटाची ओळख महाराष्ट्राला निम्मीच झाली ती अशी.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचंही तेच. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, समोर धार काढली जाते, आणि फेस बसायच्या आत ग्लास गिऱ्हाइकाच्या हातात जातो. पिणाऱ्यांत पैलवान असतो, कामावरून परतणारा कारकून असतो आणि ‘अर्धाच दे’ म्हणणाऱ्या आजोबांचा हात धरून आलेला, वरच्या ओठावर पांढऱ्या मिशा उमटलेला नातूही असतो. टीव्हीवर हे दाखवलंच तर ‘अजब’ या सदरात दाखवतात. निवेदिका म्हशीपासून सुरक्षित अंतर ठेवून ‘विश्वास बसत नाही ना?’ असं विचारते. स्थानिक माणसाचा विश्वास बसलेलाच असतो; त्याला पेंडीचा भाव वाढल्यावर ग्लास कितीला झाला हे हवं असतं, आणि गिऱ्हाईक मोटारसायकल लावणार तरी कुठे हे हवं असतं. शहराचं जगणं असल्या प्रश्नांतच असतं. पण असा प्रश्न विचारला की कार्यक्रम पर्यटनाचा न राहता बातम्यांचा होतो, आणि बातम्यांचा विभाग वेगळ्या मजल्यावर बसतो.

तालमीचा भाग तर इतका पाठ झालाय की पैलवानांनाही निवेदकाचे संवाद येतात. ‘किती जोर, किती बैठका?’ मग ‘खुराक काय?’ मग बदाम, दूध, तूप, थंडाई. मग निवेदकाच्या डोक्याला फेटा, अंगाला लाल माती, आणि एका शेलक्या पैलवानाने त्याला अलगद उचलून अलगद खाली ठेवणं. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाचा उल्लेख होतो आणि मंडळी पुढे सरकतात. त्या तालमीत गावोगावहून आलेली पोरं राहतात, स्वयंपाकाच्या पाळ्या लावतात, आणि दुखापत झाली की पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. त्याहून गमतीची गोष्ट फुटबॉलची. खेळ म्हटला की कोल्हापूरच्या फाइलवर ‘कुस्ती’ असा शिक्का पडलेला असल्यामुळे शाहू स्टेडियममध्ये काय चालतं याचा सुगावा या कार्यक्रमांना लागलेला नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी मंडळ ही नावं इथे पेठांच्या इभ्रतीची आहेत. सामना असला की एकेका पेठेतली दुकानं मालकावाचून उघडी राहतात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. तरी टीव्हीच्या पाहुण्याला कोल्हापुरात चेंडू दिसत नाही, कारण गेल्या वेळच्या पाहुण्याला तो दिसला नव्हता.

खरी गोम इथेच आहे. यात निवेदकाचा दोष शोधू नये. तो बिचारा पहाटे गाडीतून उतरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुढच्या शहरात पोहोचायचं असतं. दोष गणिताचा आहे. एका दिवसात शहर उरकायचं तर काय शोधायचं ते आधी ठरवून यावं लागतं, आधी ठरवायचं तर आधीच्या वाहिनीचा भाग बघावा लागतो, आणि आधीच्या वाहिनीनेही तेच केलेलं असतं. म्हणजे नवा भाग जुन्या भागाची नक्कल असतो, शहर फक्त खातरजमेपुरतं लागतं. आणि या उद्योगात कोल्हापूरकरही निम्म्याचा भागीदार आहे. समोर कॅमेरा आला की एरवी नेमस्त बोलणारा माणूस छाती पुढे काढतो आणि वाक्याला दोन ‘लई’ जास्त घालतो. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली आणि वसगड्यातला वाडा घराघरांत पोहोचला. पुढे गाड्या भरभरून माणसं तो वाडा बघायला येऊ लागली, आणि ‘चालतंय की’ हे दोन शब्द ऐकल्याखेरीज त्यांना कोल्हापूर पदरात पडल्यासारखं वाटेना. रिक्षावाल्यापासून रसवंतीवाल्यापर्यंत सगळ्यांनी ते हौसेने ऐकवले. गिऱ्हाइकाला जे हवं ते द्यावं, यात व्यापार म्हणून काही गैर नाही. फक्त त्या व्यवहाराला शहराची ओळख म्हणू नये.

आता केबल लावू. बी न्यूजसारख्या शहरातल्या वाहिन्यांवर शहराची ओळख करून देण्याचा कुणाचाही विचार नसतो. बघणाऱ्यांची शहराशी ओळख असतेच. म्हणून तिथे फक्त काय बदललं तेवढं सांगतात. पावसाळ्यात याचा कळस होतो. पडद्याच्या खालच्या पट्टीत राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फूट आणि इंचांत सरकू लागते, आणि क्रिकेटचा धावफलक जितक्या आस्थेने वाचतात त्याहून जास्त आस्थेने घराघरांत ती वाचली जाते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतात. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला म्हणजे १४२८ क्युसेक, हेही. बातमीदार गुडघाभर पाण्यात उभा राहून ‘सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवली’ असं सांगतो तेव्हा त्या एका वाक्यात शहराचा नकाशा, उतार, गरिबी आणि शेजारधर्म सगळं येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, व्हीनस कॉर्नर बुडाला, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. त्या दिवसांत मोठ्या वाहिन्यांनी ‘जलप्रलय’ दाखवला; केबलने कोणत्या गल्लीत पाणी कितव्या पायरीवर आहे ते दाखवलं. जलप्रलय ऐकून माणूस हळहळतो. पायरी ऐकून तो वरच्या मजल्यावर गहू नेतो. यात चूक झाली तर प्रेक्षकच भिजतो, आणि भिजलेला प्रेक्षक फोन करून काय बोलेल याची बातमीदाराला पूर्ण कल्पना असते.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचीही हीच तऱ्हा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप, पितळी उंबरा असे टप्पे घेत गाभाऱ्यात पोहोचतात आणि देवीच्या चरणांवरून वर चढू लागतात. बाहेरची वाहिनी याला ‘विज्ञानालाही न सुटलेलं कोडं’ म्हणते. वास्तविक यात न सुटलेलं काही नाही. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी दिशेचं गणित चोख सोडवून ठेवलं होतं. कोडं असेल तर ते नंतरच्या लोकांचं आहे, आणि ते केबलवर सविस्तर उलगडतं. किरणं आज कमरेपर्यंतच का आली? ढग होते. ढग नव्हते? मग धूळ होती. धूळही नव्हती? मग महाद्वार रोडवरच्या कुठल्या इमारतीचा मजला मधे येतो याची चर्चा सुरू होते. चरणस्पर्श झाला, किरणं लुप्त झाली, असं एकेका मिनिटाचं समालोचन चालतं, आणि घरात बसलेली आजी हात जोडल्या जोडल्या बांधकाम परवान्यांवर मत देते. भक्ती, खगोल आणि अतिक्रमण हे तिन्ही विषय इतक्या सहज एका कार्यक्रमात नांदताना राज्यात दुसरीकडे क्वचितच दिसतील. २२ मिनिटांच्या भागात यांपैकी फक्त भक्ती मावते, तीही पार्श्वसंगीत वाजवून.

केबलचं हे दाखवणं लांबट असतं, यात वाद नाही. अनंत चतुर्दशीला तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती निघाल्यापासून दुसऱ्या दिवसाचं ऊन वर येईपर्यंत मिरवणूक पडद्यावर चालूच असते. तास-तास कॅमेरा एका जागी, समोरून मंडळामागून मंडळ, मधेच दहा मिनिटं नुसती पाठमोरी डोकी. टीव्हीच्या पुस्तकी नियमांनुसार हा गुन्हाच. पण २००९ साली नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने बर्गनहून ऑस्लोला जाणारी आगगाडी सात तास जवळजवळ जशीच्या तशी दाखवली, तेव्हा सुमारे ५० लाख वस्तीच्या त्या देशात दहा लाखांहून जास्त लोकांनी ती काही ना काही वेळ बघितली. २०११ साली त्यांनी किनाऱ्याने जाणारं जहाज सलग १३४ तास दाखवलं. बंदरोबंदरी माणसं झेंडे घेऊन उभी राहिली, होड्या काढून जहाजाच्या बाजूने आली, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवू लागली. जगभरच्या जाणकारांनी याला संथ टेलिव्हिजन असं नाव देऊन त्यावर भाषणं दिली. महाद्वार रोडवर हेच सगळं चालतं. फक्त त्यावर भाषण द्यायला कुणाला बोलावलेलं नाही, आणि बोलावलं तर आवाजाच्या भिंतीपुढे ते ऐकू येणार नाही. नॉर्वेकरांना जे उशिरा उमगलं ते साधं आहे: काटछाट केली नाही की बघणाऱ्याला त्यात स्वतःला शिरायला जागा मिळते. पाठमोरी डोकी दहा मिनिटं दिसतात हा बाहेरच्याला कंटाळा असतो. घरच्यांसाठी त्यातलं एक डोकं ‘अभ्यासाला मित्राकडे चाललोय’ असं सांगून गेलेल्या मुलाचं असतं.

यावर पहिला आक्षेप येणार तो असा की केबल म्हणजे काय सगळी सज्जनांची मांदियाळी नव्हे. तिथे दिवसातून अनेक वेळा कुणा ना कुणा युवा नेतृत्वाचा वाढदिवस असतो, उद्घाटनं असतात, ज्यांच्या जाहिराती त्यांच्याबद्दलच्या बातम्या मऊ असतात. हे खरंच आहे, आणि गंभीर आहे. पण या मऊपणाचंही परीक्षण तिथे घरोघर चालतं. कोणत्या वाहिनीवर कुणाचा सत्कार दोनदा दिसतो आणि कुणाचा मोर्चा दिसतच नाही, यावरून ‘गोकुळ’ दूध संघाच्या निवडणुकीत कोण कुठल्या बाजूला जाणार याचा अंदाज कट्ट्यावर बांधला जातो. पक्षपात ओळखीचा असला की तोही माहिती पुरवतो. बाहेरच्या कार्यक्रमाचा पक्षपात मात्र ओळखता येत नाही. या हॉटेलात कॅमेरा का गेला आणि शेजारच्या हॉटेलात का नाही, हे दूरच्या प्रेक्षकाला कधीच कळत नाही. कोल्हापूरकराला कळतं, पण त्याला कुणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पाहुण्याला राजाराम बंधाऱ्याचे इंच सांगून काय करायचं? त्याला देऊळ, जेवण आणि खरेदी एवढंच हवं असतं, त्यावर शहराची चूल पेटते, मग त्याला तेच का देऊ नये? जरूर द्यावं. पण निम्मी माहिती देऊन शहराचा धंदाही निम्माच होतो, याचा पुरावा पायातच आहे. चपलेचा भाग नेहमी महाद्वाराजवळच्या चप्पल गल्लीत होतो: निवेदक चप्पल कानाजवळ नेतो, करकर ऐकतो, भाव करतो, निघतो. सुभाषनगरात ती ज्या घरांत तयार होते तिथवर गाडी क्वचितच जाते. कातडं बाभळीच्या सालीत कमावतात, वेणी घालण्याचं काम बऱ्याचदा घरातल्या बायका करतात, आणि २०१९ साली या चपलेला मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या चार-चार जिल्ह्यांचं आहे, हे सगळं करकरीत बुडून जातं. २०२५ साली मिलानच्या प्रदर्शनात प्राडाने तसल्याच चपला मांडल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण खवळलो. खवळणं रास्तच होतं. पण चप्पल दाखवायची आणि करणारा दाखवायचा नाही, हा धडा आपल्या वाहिन्या तोवर वर्षानुवर्षं गिरवत होत्या. इटलीवाल्यांनी फक्त किंमत वाढवली.

तिसरा आक्षेप तरुणांचा. आता टीव्ही बघतंय कोण, मोबाइलवर स्थानिक पोरंच आपलं शहर दाखवतात, तेव्हा हा वाद शिळा झाला. पोरं स्थानिक आहेत, पण त्यांचा प्रेक्षक कोण? तो पुन्हा दूरचाच असेल तर २२ मिनिटांचं काम ३० सेकंदांत होतं एवढाच बदल. रंकाळा, रस्सा, पैलवान, ‘विषय हार्ड’, संपलं. तुतारीच्या जागी ठेका आला. कॅमेरा स्थानिक असून भागत नाही, बघणारा स्थानिक लागतो. याच शहरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा खटपटीने घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला; १९२९ साली प्रभात कंपनीही इथेच उभी राहिली आणि मग १९३३ साली पुण्याला गेली. त्या मंडळींचे चित्रपट देशभर चालले, पण ते आधी गावातल्या थिएटरात, ज्यांच्या घरून पडद्यासाठी लुगडी आणि भांडी उसनी आणली असतील अशा लोकांसमोर तरले पाहिजेत, ही धास्ती होतीच. ओळखीच्या माणसासमोर खोटं बोलायला जास्त कौशल्य लागतं, आणि तेवढं कौशल्य आलं की त्याला कला म्हणतात.

तेव्हा उपाय एकच दिसतो, आणि तो कोल्हापूरला सहज जमण्यासारखा आहे. या शहरावरचा कुठल्याही वाहिनीचा भाग प्रसारणाआधी मंगळवार पेठेतल्या एखाद्या चौकात, रात्री जेवणं झाल्यावर, मोठा पडदा लावून दाखवावा. पहिल्या रांगेत त्या भागातला पैलवान, हॉटेलवाला आणि सुभाषनगरातली वेणी घालणारी बाई बसेल. निवेदक शेजारी उभा राहील आणि मधे मधे येणाऱ्या शंकांना उत्तरं देईल. जिथे हशा पिकेल ते वाक्य कापायचं, जिथे ‘हे कुठलं हॉटेल रे?’ असा प्रश्न येईल तिथे खरं नाव घालायचं, आणि पांढऱ्या रश्शाला तांबड्याइतका वेळ दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. शिवाजी पेठेतून हरकती येतीलच. त्यांच्यासाठी वेगळा खेळ ठेवावा. एवढ्यातून जे उरेल ते महाराष्ट्राला बिनधोक दाखवावं. खर्चाची काळजी वाहिन्यांनी करू नये. पावतीपुस्तकं मंडळांकडे छापलेली तयारच असतात. पडद्याच्या वर अध्यक्षांचा फोटो लागेल आणि तो निवेदिकेपेक्षा मोठा असेल, एवढी अट मात्र आधीच मान्य करून घ्यावी.